मालकी आणि ज्ञान



भारतीय कंपन्या युरोपातील कारखाने विकत घेऊ लागल्या, तेव्हा अनेकांना जुना हिशेब चुकता झाल्याचा आनंद झाला. आपल्यापैकी काहींना भांडवल देशाबाहेर चालल्याची चिंता वाटली. त्या भांडवलाने नेमके काय विकत घेतले, हा प्रश्न मात्र मागेच राहिला. कंपन्यांना पुष्कळदा हवे होते ते ज्ञान: यंत्रांचे आराखडे, चाचणीच्या पद्धती, मुरलेले अभियंते.

पुण्याच्या सुझलॉनचेच पाहा. पवनचक्क्या बनवणाऱ्या या कंपनीने 2006 साली बेल्जियममधील हॅन्सन ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनी घेतली आणि 2007 साली फ्रान्सच्या अरेव्हाशी चुरस करून जर्मनीच्या रीपॉवरवर नियंत्रण मिळवले. रीपॉवरजवळ समुद्रात उभारायच्या 5 मेगावॉटच्या पवनचक्कीचे तंत्र होते. सुझलॉनची त्या वेळची मोठी पवनचक्की 2.1 मेगावॉटची.

नियंत्रण आले, पण आराखडे आले नाहीत. जर्मन कायद्यानुसार इतर भागधारक शिल्लक असेतोवर बहुमतवाल्यास कंपनीचे नुकसान करून तिचे तंत्र घरी नेता येत नाही. घ्यायचे तर परक्यासारखा मोबदला मोजावा लागतो. मला हा कायदा न्याय्यच वाटतो. संपूर्ण मालकी हाती यायला 2011 साल उजाडले. दरम्यान 2008 ची जागतिक मंदी येऊन गेली होती आणि कर्जावरील व्याज थांबले नव्हते. 2012 साली सुझलॉनला परदेशी रोखेधारकांची देणी मुदतीत फेडता आली नाहीत. हॅन्सनमधील वाटा आधीच विकला गेला होता. सेन्व्हियॉन असे नवे नाव घेतलेली रीपॉवरही 2015 साली सुमारे 1 अब्ज युरोंना एका अमेरिकी गुंतवणूक संस्थेकडे गेली. सुझलॉनकडे राहिला तो समुद्री पवनचक्क्यांच्या तंत्राचा भारतापुरता परवाना.

परवाना मिळवायला कंपनी विकत घ्यावी लागत नाही. याच सुझलॉनने 1995 च्या सुमारास सुडविंड या जर्मन कंपनीशी तंत्रज्ञानाचा करार करून या धंद्यात पाऊल टाकले होते. पुढे सुडविंड बुडाली, तेव्हा तिच्या काही अभियंत्यांना सुझलॉनने आपल्याकडे घेतले. त्या खेपेस ज्ञान माणसांबरोबर आले, आणि तेही फार स्वस्तात!

2019 साली सेन्व्हियॉनचे दिवाळे निघाले. तिची बौद्धिक संपदा आणि पोर्तुगालमधील पाती बनवण्याचा कारखाना सीमेन्स गामेसाने घेतला. इतक्या हातांतून ही कंपनी फिरली. ज्यांच्या डोक्यात आणि हातात तिचे ज्ञान होते, त्या कामगारांपैकी कोणीही यातला एकही खरीदखत ठरवणाऱ्या टेबलाशी विक्रेता म्हणून बसला नव्हता.