धार्मिक मनुष्याने फ्रीमेसन व्हावे काय?
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चालकांनी मला 'आजचा तरुण आणि धर्म' असा विषय सुचविला होता. तो इतका विस्तीर्ण आहे की, त्यावर तासभर बोलूनही काहीच न सांगता खाली बसता येते. म्हणून त्यांच्या अनुमतीने त्यातला एकच प्रश्न मी आज घेतला आहे. आपल्या ज्ञातीतील दोघातिघा तरुणांना त्यांच्या कचेरीतील वरिष्ठांनी फ्रीमेसन मंडळींच्या लॉजमध्ये येण्याविषयी विचारले आहे, आणि त्यामुळे घरची वडील माणसे चिंतेत पडली आहेत. घरी कुलस्वामीचा टाक, नित्याची पूजा, चंपाषष्ठीची तळी. अशा घरच्या मुलाने डोळ्यांवर पट्टी बांधून घेऊन परक्या मंडळींत शपथ वाहावी, हे धर्माला धरून होईल काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

पूर्वी आपल्या देशात सामान्य लोक या लॉजला 'जादूघर' म्हणत. बंद दार आणि आत काय चालते ते कोणी सांगेना, म्हणजे लोकांनी दुसरे काय म्हणावे! वस्तुतः हा पंथ गवंडी व पाथरवट यांच्या जुन्या संघांच्या परंपरेवर उभारलेला आहे. लंडन येथे 24 जून 1717 रोजी चार लॉजांनी मिळून पहिली ग्रँड लॉज स्थापिली. गुण्या, ओळंबा, पाणसळ, कंपास ही त्यांची चिन्हे. ओळंब्याप्रमाणे सरळ वागावे, पाणसळीप्रमाणे सर्वांस समान लेखावे, असा त्यांचा उपदेश असतो. दीक्षेच्या तीन पायऱ्या आहेत. प्रवेश घेणाऱ्याने अंगावरील धातूची वस्तू व पैसा काढून ठेवावा, डोळे बांधून आत यावे आणि मग प्रकाशात यावे, असा विधी आहे. ज्याने मुंज पाहिली आहे त्याला यात भिण्यासारखे काही दिसणार नाही. गायत्री मंत्रही बटूच्या कानातच सांगतात. गुप्तता ही आपल्याकडे अधर्माची खूण कधीच मानलेली नाही.

आता देवाचा प्रश्न. 1723 साली अँडरसन नावाच्या पाद्र्याने या पंथाचे नियम ग्रथित केले. ज्या धर्माविषयी सर्व माणसांचे एकमत आहे तेवढाच लॉजमध्ये मानावा व आपापली मते आपल्यापाशी ठेवावी, असा त्यांचा आशय आहे. इंग्लंडच्या परंपरेतील लॉजमध्ये परमेश्वरावर श्रद्धा असल्यावाचून प्रवेश नाही. फ्रान्समधील मुख्य संस्थेने 1877 साली ही अट काढून टाकली, तेव्हा इंग्लंडच्या ग्रँड लॉजने तिच्याशी संबंध तोडले. ईश्वराला ते 'विश्वाचा महान शिल्पकार' म्हणतात. आपल्या विश्वकर्म्याची आठवण होते खरी. परंतु ते तेथील पूजेचे दैवत नव्हे. ज्याने त्याने आपला देव त्या नावाने समजावयाचा, एवढेच.

रोमच्या पोपने 1738 सालीच या पंथास मनाई केली. 1983 साली ती पुन्हा जाहीर झाली व 2023 मध्ये पुन्हा दृढ करण्यात आली. त्यामुळे वसईच्या किंवा गोव्याच्या श्रद्धाळू कॅथलिक बंधूला हा प्रश्न उरतच नाही. त्या मनाईचे एक कारण असे की, सर्व धर्म सारखेच असे मानण्याकडे लॉजमध्ये मन वळते. हेच कारण हिंदूला मात्र अडवीत नाही, कारण मार्ग अनेक असणे हे आपल्याकडे पाप मानलेले नाही.

उलट हिंदूंनाच तेथे प्रवेश मिळणे कठीण होते, हे आपल्यापैकी थोड्यांना ठाऊक असेल. मुंबईत 1843 साली डॉक्टर जेम्स बर्न्स याने 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज एतद्देशीयांसाठी काढली, आणि खरशेटजी रुस्तमजी कामांसारखे पारशी गृहस्थ तीत गेले. बंगाल्यात मात्र प्रसन्नकुमार दत्त या गृहस्थाला कित्येक वर्षे ताटकळत ठेवण्यात आले. हिंदू अनेक देव मानतो, तेव्हा त्याची शपथ कोणत्या देवाच्या नावे घ्यावयाची? आणि जो जातीने बांधलेला आहे, तो सर्वांचा बंधू कसा होणार? असे आक्षेप होते. अखेर 1872 साली दत्त यांस दीक्षा मिळाली. पहिल्या आक्षेपाचे उत्तर कोणताही कीर्तनकार देईल. दुसऱ्याचे उत्तर या सभागृहात बसून देणे मला तितकेसे सोपे वाटत नाही. किपलिंग हा इंग्रज कवी लाहोरास 1886 साली मेसन झाला. पुढे आपल्या लॉजवर त्याने एक कविता लिहिली. तीत हिंदू, मुसलमान, शीख, यहुदी असे सर्व बंधू एकत्र बसतात. परंतु कोणाची जात जाऊ नये म्हणून मेजवानी मात्र देता येत नाही, असे वर्णन आहे. तो काळ गेला. तथापि 'तेथे बंद दाराआड मंडळी जमतात' ही तक्रार आपण ज्ञातिसंस्थेच्या लोकांनी जपूनच करावी.

स्वामी विवेकानंद मेसन होते, असा दाखला काही जण देतात. ते खरे आहे. 1884 च्या फेब्रुवारीत कलकत्त्यास 'अँकर अँड होप' लॉजमध्ये त्यांना दीक्षा मिळाली. पण तेव्हा ते एकवीस वर्षांचे नरेंद्रनाथ दत्त होते, संन्यासी नव्हते. थोर पुरुषाच्या तारुण्यातील एका गोष्टीवरून आपल्या मुलाचा निर्णय करणे ठीक नव्हे.

24 नोव्हेंबर 1961 रोजी भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज स्थापन झाली. तिच्या लॉजांमध्ये गीता, कुराण, बायबल, अवेस्ता, ग्रंथसाहेब असे धर्मग्रंथ ठेवलेले असतात, व ज्याने त्याने आपल्या ग्रंथावर शपथ घ्यावयाची असते. तेव्हा कुलस्वामीचा कोप होईल, ही भीती आयाबहिणींनी मनातून काढून टाकावी.

माझी खरी शंका निराळीच आहे, आणि ती शपथेविषयी आहे. आपण पूजेस बसतो तेव्हा संकल्पात स्थळ, काळ, गोत्र, नाव आणि हेतू हे सर्व उच्चारतो. वारकरी गळ्यात तुळशीची माळ घालतो तेव्हा त्याने काय सोडले व काय धरले हे साऱ्या गावाला ठाऊक असते. मंत्र गुप्त असेल, पण व्रत उघड असते. लॉजमध्ये मनुष्य पुढचे सारे ठाऊक नसताना वचन देतो. तुझ्या धार्मिक, नैतिक वा नागरिक कर्तव्यांना बाध येईल असे यात काही नाही, असे आश्वासन त्याला आधी देतात, हे मी न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. शपथ मोडल्यास भयंकर देहदंड, असे जे जुने शब्द होते, ते इंग्लंडच्या ग्रँड लॉजने 1986 साली शपथेतून काढले. आपण जेथे जाणार तेथे कोणता पाठ म्हणतात, हे अगोदर विचारून घ्यावे. विचारल्याने राग येणारी मंडळी असतील, तर उत्तर मिळालेच.

याहूनही नाजूक गोष्ट शपथेच्या आधीची आहे. मित्रांच्या गैर आग्रहाने किंवा द्रव्यलाभाच्या हेतूने मी आलेलो नाही, स्वेच्छेने आलो आहे, असे उमेदवाराला सर्वांसमक्ष सांगावे लागते. आता ज्या तरुणाला त्याच्या वरिष्ठाने बोलाविले आहे आणि 'ओळखी वाढतील, बढतीला बरे पडेल' असे ज्याच्या मनात आहे, त्याने हे वाक्य कसे उच्चारावे? त्याचा पहिला शब्दच असत्य होईल, आणि तो परमेश्वराला मानतो असे सांगून उच्चारलेला असेल. नास्तिकाला हे कदाचित खपून जाईल. टाकासमोर नित्य हात जोडणाऱ्याला ते खपू नये. ज्याला खरोखरच बंधुभाव, दानधर्म व चार निराळ्या धर्मांच्या सज्जनांचा सहवास हवा आहे, त्याला मी अडविणार नाही. वरिष्ठाचे मन मोडवत नाही एवढ्याचसाठी जो निघाला आहे, त्याला मात्र नको म्हणेन.

शेवटी गृहिणीविषयी. भारताच्या ग्रँड लॉजमध्ये स्त्रियांस सभासदत्व नाही. धर्म, अर्थ व काम यांत पत्नीला डावलून वागणार नाही, हे वचन आपण विवाहात कन्यादानाच्या वेळी दिलेले आहे, आणि ते लॉजच्या वचनाहून जुने आहे. खुणेचे शब्द घरी सांगू नयेत. पण वर्गणी किती, सभा कोणत्या दिवशी, भोजनात मद्यमांस असते की नाही, आणि आपण नेमके कशासाठी जात आहोत, हे तिला कळलेच पाहिजे. ज्या तरुणांपुढे आज हा अर्ज आहे, त्यांनी तो भरण्यापूर्वी घरी आणावा आणि आई व पत्नी यांना बसवून मोठ्याने वाचून दाखवावा. अर्जात गुप्त असे काही नसते.