पोटाची साफसफाई

(पुण्यातील एका उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून भर उन्हाळ्यात व्याख्यानं पचवायची सवय या गावाला लागली आहे. ज्यांना हे पचतं त्यांना पचनावर आणखी काय सांगायचं? (हशा) पण संयोजकांनी विषय दिला, ‘पचनाविषयीचे गैरसमज’. मी यादी करायला बसलो. जेवताना पाणी प्यायलं की पाचकरस पातळ होतात, जेवणानंतर फळ खाल्लं की ते पोटात आंबतं, तिखटाने अल्सर होतो. दोन पानं भरली, आणि लक्षात आलं की यातल्या बहुतेकांच्या मुळाशी एकच समजूत आहे: पोटात घाण साचते आणि ती रोज काढून टाकावी लागते. आज मी तिच्याच मागे लागणार आहे. बाकीच्या वाटेत भेटतील तेवढ्या भेटतील.

अन्ननलिका, जठर, यकृत वगैरेची आकृती तुम्ही शाळेत काढली आहे, भागांना नावं देऊन मार्कही मिळवले आहेत, तेव्हा तो भाग सोडतो. वेळापत्रक तेवढं लक्षात ठेवा. जेवण जठरात दोन ते चार तास राहतं, लहान आतड्यात आणखी चार-सहा तास, आणि मोठ्या आतड्यात दीड दिवस, कधी त्याहूनही जास्त. काल लग्नात बासुंदी जरा जास्तच झाली, पण आज सकाळी साफ झालं, बरं वाटलं, असं आपण म्हणतो. त्यात बासुंदी नव्हती हो! (हशा) जे गेलं ते बहुधा परवाच्या डब्यातलं.

माझ्याकडे एक गृहस्थ यायचे. बँकेतून निवृत्त झालेले. पिशवीतून त्यांनी आधी चूर्णाचा डबा काढून टेबलावर ठेवला आणि मग एक डायरी. डायरीत तारीख, वेळ आणि शेरा. शेरे तीन प्रकारचे: ‘साफ’, ‘बेताचे’ आणि ‘समाधान नाही’. ‘समाधान नाही’च्या खाली लाल शाईची रेघ. मी विचारलं, ‘काय खाल्लंत ते कुठे लिहिलंय?’ तर म्हणाले, ‘ते कशाला?’ पानं उलटत गेलो. चूर्ण घेतलं की दुसऱ्या दिवशी ‘साफ’. पुढचे दोन दिवस लाल रेघ. तिसऱ्या रात्री पुन्हा चूर्ण. आता यातली गंमत बघा. चूर्णात सोनामुखी होती. सोनामुखीवर मोठ्या आतड्यातले जीवाणू काम करतात, तेव्हा तिचा असर सुरू होतो आणि आतडं रिकामं होतं. एकदा रिकामं झालेलं आतडं भरायला दोन दिवस लागणारच. मी म्हटलं, ‘अहो, खात्यातली सगळी रक्कम काढल्यावर दोन दिवस शिल्लक दिसली नाही, तर खातं बिघडलं असं म्हणाल का?’ बँकवाल्याला हे पटेल असं वाटलं होतं. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘मग डोस वाढवू का?’ (मोठा हशा)

पुढे दुर्बिणीने तपासणी झाली. आतड्याचं अस्तर तपकिरी-काळं पडलेलं. वर्षानुवर्षं सोनामुखी घेणाऱ्यांत हे दिसतं. रंग स्वतः निरुपद्रवी असतो, चूर्ण बंद केलं की काही महिन्यांत निवळतो. गृहस्थांनी फोटो पाहिला आणि बायकोकडे वळून म्हणाले, ‘बघ, मी सांगत होतो ना, आत घाण आहे!’ (हशा)

त्यांना हसू नका. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी लहानपणी रविवारी चहातून एरंडेल घेतलंय, नाक दाबून. घरातल्या सगळ्या पोरांची रांग, एकच वाटी, आणि दुपारी मऊ भात. एरंडेलातलं आम्ल आतड्याला जोराने आकुंचन पावायला लावतं, एवढाच त्याचा महिमा. पोरं त्याआधी आजारी नव्हती आणि नंतर जास्त निरोगी झाली नाहीत. रविवार मात्र गेला. समोर बसलेले वैद्यबुवा माझ्याकडे ज्या नजरेने बघताहेत, त्यांच्यासाठी आत्ताच सांगतो, मी विरेचनावर बोलत नाहीये. ते वैद्याने प्रकृती पाहून, आधी तयारी करून करायचं कर्म आहे. शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून रोज रात्री चमचाभर, हे कोणत्या शास्त्रात बसतं ते त्यांनीच मला सांगावं. (टाळ्या)

हे खूळ आपलंच आहे असंही समजू नका. मेचनिकॉफ हे १९०८ चे नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ, पण मोठं आतडं म्हणजे विषाचं कोठार, असं त्यांचं मत होतं. लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधल्या सर आर्बथनॉट लेन या नामांकित सर्जननी ते फारच मनावर घेतलं. बद्धकोष्ठाने अंगात विष भिनतं म्हणून ते रोग्यांचं मोठं आतडंच कापून काढायचे! मग १९१९ साली अल्वारेझ या अमेरिकन डॉक्टरांनी साधी शंका काढली. डोकं दुखतं, जडपणा येतो, आणि शौचाला झाल्याबरोबर पाच मिनिटांत बरं वाटतं. विष रक्तात असेल तर ते पाच मिनिटांत कसं जाईल? १९२२ मध्ये डोनाल्डसन यांनी ही शंका प्रयोगाने तपासून पाहिली. काही निरोगी माणसं चारेक दिवस शौचाला गेलीच नाहीत. डोकेदुखी, चिडचिड, सगळं हजर. एनिमा दिला, तक्रारी पळाल्या. मग त्यांनी पोट रिकामं असताना गुदाशयात नुसते कापसाचे बोळे भरले... (हशा) हसा, पण ऐका. तक्रारी त्याच! कापसात कसलं आलंय विष? जड वाटतं ते आतडं ताणलं जातं म्हणून. आणि लेनसाहेब? उत्तरायुष्यात त्यांनी सुरी खाली ठेवली, १९२५ साली एक आरोग्य संस्था काढली आणि लोकांना कोंड्याची पोळी आणि भाजी खायला सांगत फिरले. आज कोरेगाव पार्कात ‘डिटॉक्स’च्या पाट्या लागल्या आहेत, त्या लेनसाहेबांच्या पहिल्या अर्ध्या आयुष्यावर चालतात.

मग नॉर्मल किती? दिवसातून तीनदा इथपासून आठवड्यातून तीनदा इथपर्यंत, कुंथावं लागत नसेल तर सगळं नॉर्मल. आणि मल म्हणजे उरलेलं अन्न, हेही पूर्ण खरं नाही. त्यात तीन चतुर्थांश पाणी, आणि कोरड्या भागात मोठा वाटा जीवाणूंचा. म्हणून कडक उपास करणाऱ्यालाही शौचाला होतंच.

चिठ्ठ्या यायला लागल्या. पहिली, ‘आहार कोणाचा पाळू, दीक्षितांचा की दिवेकरांचा?’ मला आज सुखरूप घरी पोचायचंय. (हशा) दुसरी, ‘उसळीने गॅस होतो, मिसळ बंद करू का?’ मटकी-वालातल्या काही साखरा पचवणारं पाचकद्रव्य माणसाकडे नाही, ते काम जीवाणू करतात आणि वायू सोडतात. दिवसातून दहा-वीस वेळा वायू सरणं हे आतडं कामावर असल्याचं लक्षण आहे. भिजवून मोड आणले की त्या साखरा कमी होतात. हे आपल्या आज्यांना माहीत होतं, त्यांनी फक्त पेपर छापला नाही. मिसळीच्या तर्रीने अल्सरही होत नाही. तो होतो मुख्यतः एका जीवाणूमुळे, ज्याच्या शोधाला २००५ चं नोबेल मिळालं, आणि रिकाम्या पोटी, सांगून-न सांगून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांमुळे. पण गॅसबद्दल एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. छातीत दाटतंय, दरदरून घाम सुटलाय, डावा हात किंवा जबडा दुखतोय, आणि घरातले म्हणतात, ‘गॅस धरलाय, सोडा दे.’ सोडा नको, रिक्षा शोधत बसणंही नको, रुग्णवाहिका बोलवा. ईसीजी चांगला आला तर सोडा घरी येऊन प्या.

अध्यक्षांनी घड्याळ माझ्याकडे वळवून ठेवलंय. दहा मिनिटं? पाच? बरं. मग दह्या-ताकाचं प्रकरण गेलं. जीवाणूंबद्दल मात्र दोन वाक्यं सांगतोच, कारण ते आपल्या गावात झालेलं काम आहे. विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्थेत डॉ. योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी एकाच छपराखाली राहणाऱ्या तीन पिढ्यांचे आतड्यातले जीवाणू तपासले. घर एक, स्वयंपाकघर एक, तरी वयाप्रमाणे जीवाणूंचं गणित बदलत गेलेलं. ही वस्ती आपण रोज रात्री चूर्णाने धुऊन काढायला निघतो. या जीवाणूंना भाकरी, पालेभाजी, उसळ, सालासकट फळ लागतं. इसबगोलही चालेल, भरपूर पाण्याबरोबर.

आणि आता शेवटचं, ज्यासाठी खरं म्हणजे मी अर्धा तास राखून ठेवला होता. जानेवारी २०२५ आठवा. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी. आधी जुलाब, मग काही दिवसांनी पायांतली ताकद गेली. गुलेन-बॅरी, वर्तमानपत्रांतलं जीबीएस. दोनशेहून जास्त रुग्ण, काहींना व्हेंटिलेटर, काही जण गेले. बऱ्याच रुग्णांच्या मलाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जीवाणू सापडला. त्याच्या अंगावरच्या काही साखरा आपल्या मज्जातंतूंवरच्या साखरांसारख्या असतात, म्हणून त्याच्याशी लढायला निघालेली प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरच तुटून पडते. संशय गेला तो पिण्याच्या पाण्यावर. पुण्याच्या पोटात बाहेरून खरी घाण आली ती नळातून आणि टँकरमधून, आणि त्या आठवड्यांतही माझ्याकडे लोक ‘साफ होत नाही’ म्हणून येत होते!

तेव्हा शौचातून रक्त जात असेल, वजन उतरत असेल, पन्नाशीनंतर सवय एकाएकी बदलली असेल, तर डॉक्टरकडे जा, डायरी नेली तरी चालेल. एरवी चूर्णाचा डबा फडताळात वर ठेवा. आणि उद्या सकाळी सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठून दोन गोष्टी विचारा: टाकी शेवटची कधी धुतली, आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन उरतंय का हे कोणी तपासतं का. उत्तर मिळेपर्यंत पाणी उकळून प्या.