पोराच्या वाटीत जंगल पाहिजे

(शिराळा तालुक्यात झालेल्या बायांच्या बैठकीत आपल्या एका कार्यकर्तीनं केलेलं भाषण. बोलली तसंच उतरवून घेतलंय, थोडं लांबण कमी केलंय.)

आयांनो, मावश्यांनो, आन मागं कुडाला टेकून बसलेल्या दादांनो, सगळ्यांना जिंदाबाद!

आज दाव्यांची बैठक हाय आन ही पोरगी लेकराच्या खाण्यावर काय बोलणार, असं कोणाला वाटंल. पण दोन्हीचा संबंध हाय. तो मी शेवटी सांगते. आधी माझ्या घरचं सांगते.

मी सातारा जिल्ह्यातल्या कातकरी वाडीवरची. बारावी शिकले. माझा मोठा मुलगा पाच महिन्यांचा असताना आम्ही दिवाळीनंतर भट्टीवर गेलो. उचल घेतलेली, जाणं भाग होतं. तिथं पहाटे चारला उठायचं, माती मळायची. पोर झोळीत. अंगावरचं दूध होतंच. ते रडलं की चहात बिस्कीट बुडवून द्यायचं, नाहीतर पेजेचं वरचं पाणी. सासू म्हणायची, दात आल्याबिगर घास देऊ नये. मलाही ते खरं वाटलं. पावसाच्या तोंडावर घरी आलो तेव्हा पोर अकरा महिन्यांचं. अंगणवाडीच्या ताईंनी दंडाला पट्टी लावली. पट्टी पिवळ्यावर आली. बारा सेंटिमीटर.

ही पट्टी तुम्ही बघितली असंल. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या पोराला लावतात. साडेबाराच्या वर हिरवा, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, साडेअकराच्या खाली लाल. लाल आला तर थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. दोन्ही पायांवर सूज असली किंवा पोर काही खातच नसलं, तरी तसंच.

मला लई वाईट वाटलं. मी बारावी शिकलेली, बैठकीत बोलणारी, आन माझंच पोर पिवळ्यात. तेव्हा माझी आजी म्हणाली, "तुझ्या बापाला मी उष्टावणानंतर खेकड्याच्या कालवणात भात कुस्करून घालत होते. त्याला कुठं दात होते?" त्या दिवसापासून मी शिकायला लागले. अंगणवाडीच्या ताई, आशाताई आन माझी आजी, तिघींकडनं शिकले ते सांगते.

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. पाणी नाही, घुटी नाही, मध नाही. मधाचं नीट ऐका, कारण आपण मध काढणारी माणसं. वर्षाच्या आतल्या पोराला मध चाटवायचाच नाही. मधात कधी कधी असे जंतू असतात की तान्ह्या पोराचं अंग लुळं पडतं, श्वास अडकतो. वर्षानंतर खुशाल द्या.

सहा महिने पुरे झाले की वरचं खाणं सुरू करायचं. सरकारी कागदात त्याला पूरक आहार म्हणतात. दाताची वाट बघायची नाही. पोर आईच्या पोटातनं जे लोह घेऊन येतं ते ह्या वेळेला संपत आलेलं असतं, आन नुसत्या दुधानं ते भरून निघत नाही. दूध मात्र तोडायचं नाही. दोन वर्षं आन त्याच्या पुढंही पाजायचं.

आता आपण कुठं चुकतो ते सांगते. आपण पातळ देतो. पोराचं पोट त्याच्या मुठीएवढं. त्यात पेजेचं पाणी भरलं की पोट फुगतं, पोर गप बसतं, पण अंगाला काही लागत नाही. घास एवढा घट्ट पाहिजे की चमचा वाकडा केला तर खाली ओघळू नये. आपल्याच चुलीवरचा मऊ भात आन कुळथाची किंवा तुरीची आमटी घ्या, तिखट घालायच्या आधी डावभर बाजूला काढा, बोटानं कुस्करा, वर चमचाभर तेल घाला. वेगळा स्वयंपाक करायला आपल्याला वेळ नाही, आन त्याची गरजही नाही. नाचणी भिजवून मोड आणा, वाळवा, भाजून दळा. त्या पिठाची खीर घट्ट शिजवली तरी पोराला गिळायला सोपी जाते.

सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातनं दोन-तीन वेळा. हळूहळू मोठी वाटी अर्धी करायची. नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा, मध्ये एखादं केळं, उकडलेलं रताळं. वर्षाचं झालं की पाऊण ते एक वाटी, घरात सगळे खातात तेच. दोन वेळच्या जेवणावर पोर वाढत नाही. कामावरनं आल्यावर एकदम पोटभर घालू म्हटलं तर ते मावतच नाही.

मासा, अंडं, मटण, खेकडा सहा महिन्यांनंतर चालतं. काटे दोन बोटांत चाचपून काढा, चांगलं शिजवा, कुस्करा. लोह त्यातच जास्त. शेवग्याचा पाला, माठ, कुरडू भातात घोटा, वर लिंबाचे दोन थेंब पिळा, म्हणजे पाल्यातलं लोह अंगी लागतं. चहा द्यायचाच नाही, चहा ते लोह अंगी लागू देत नाही. अळंबी आन कडू कंद लहानाला नको. अख्खा शेंगदाणा, अख्खं करवंद, बियांसकट जांभूळ देऊ नका, घशात अडकतं.

हात साबणानं धुवा, नसला तर राखेनं. पाणी उकळून द्या. सकाळचं कुस्करलेलं संध्याकाळी देऊ नका. हगवण लागली तर खाणं बंद करायची आपली रीत हाय, ती सोडा. ओआरएस पाजा, दूध पाजा, थोडं थोडं खायलाही घाला. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं.

माझ्या पोराचं सांगायचं राहिलं. ते लगेच सुधारलं नाही. आषाढात हगवण लागली, परत घसरलं. दिवाळीच्या आधी पट्टी हिरव्यावर आली. त्या वर्षी मी भट्टीवर गेले नाही. नवरा एकटा गेला. घरात पैसा कमी आला, हे पण खरंच. म्हणून भट्टीवर जाणाऱ्या बाईला मी नावं ठेवणार नाही. तिच्या संगं मोड आणलेल्या नाचणीचं पीठ, डाळ आन तेलाची बाटली जावी, आन झोळीजवळ एक जाणतं माणूस राहावं, एवढं आपण वाडीनं बघू. दादांनो, घास भरवायला बापाचा हातही चालतो.

आता दाव्याचं. माझी आजी खेकडा म्हणाली, कंद म्हणाली, करटुली म्हणाली. ते सगळं जंगलातलं आन ओढ्यातलं. आपल्या वरच्या अंगाला चांदोली. १९८५ ला अभयारण्य झालं, २००४ ला राष्ट्रीय उद्यान, २०१० ला कोयना आन चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. गावं उठली, खाली वसाहतीत आली. ह्या बैठकीत तिथल्या म्हाताऱ्या बसल्यात, त्यांनाच विचारा ताटातनं काय काय गेलं. नाचणी-वरीची जागा गेली, ओढा गेला, पाल्याचा डोंगर गेला. ताटात राहिला रेशनचा तांदूळ आन दुकानातला पाच रुपयांचा पुडा. सातारकडं आमचे लोक धरणात जाळं टाकतात. मासा व्यापाऱ्याच्या टोपलीत जातो आन त्या पैशातनं आम्ही पोराला बिस्कीट आणतो. आजपासून एक बारका मासा आधी पोराच्या वाटीत, मग टोपलीत.

वनहक्क कायदा २००६ चा. त्यात कंदमुळं, मध, पाला हे गौण वनोपज म्हणून आपल्या हक्काचं लिहिलंय. मासे आन पाण्यातलं बाकी जे मिळतं, त्याचाही हक्क वेगळा लिहिलाय. मग सामूहिक दावा भरताना आपण नुसतं "जळाऊ लाकूड, चराई" एवढंच का लिहितो? आज इथं बसून यादी करू. कोणता कंद, कोणत्या महिन्यात, कोणत्या ओढ्यावर खेकडे, कोणत्या बांधावर कुरडू. वडीलधाऱ्यांचा जबाब हा कायद्यानं पुरावा हाय. ती यादी म्हाताऱ्या बायांच्या तोंडूनच येईल, म्हणून दाव्यावर त्यांचे अंगठे पहिले पाहिजेत.

दुसरी मागणी अंगणवाडीची. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक पोराला अंगणवाडीतनं फुकट आहार मिळायचा हक्क हाय. वाडीवरच्या पोराला आन भट्टीवरच्या पोरालाही. सरकारची अमृत आहार योजना हाय, तिच्यात लहान पोरांना अंडी किंवा केळी मिळतात. पण ती अनुसूचित क्षेत्रापुरती. सातारा, सांगली त्या यादीत नाहीत. कातकरी पोर पालघरमध्ये जन्मलं तर त्याला अंडं, आन आमच्या डोंगरात जन्मलं तर नाही. भूक दोघांची सारखीच की! ही मागणी आपल्या पुढच्या निवेदनात पहिल्या पानावर घ्या, एवढं मी कार्यकर्त्यांना सांगते.

माझं बोलणं संपलं. आता आजी, तुम्ही पुढं या. वही माझ्याकडं हाय. पहिला कंद कोणता लिहू, सांगा.

जल जंगल जमीन, कोनाची? आमची!