होडीला मोटार किती ताकदीची?

सोलापुरात सात रस्त्यावरून विजापूर रस्त्याला लागलं की आपला संभाजी तलाव लागतो. तिथल्या पाण्यात छोट्या होडीला वल्ही पुरतात. उजनीचं तसं नाही. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं आणि करमाळा-इंदापूरची शिवारं पाण्याखाली गेली. त्या उघड्या पाण्यावर उन्हाळ्यात वारा सुटला की आडोसा म्हणून सापडत नाही. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जीव गेले. असं काही घडलं की जाळी टाकणाऱ्या माणसालाही वाटतं, मोटार मोठी घ्यावी, म्हणजे काठ लवकर गाठता येईल.

तसं होत नाही. भरलेल्या होडीचा वेग तिच्या लांबीवर ठरतो. सोळा फुटी होडी पाणी कापत जाते ती ताशी दहा किलोमीटरच्या आसपास. त्यापुढे कितीही रेस द्या, तोंड वर उचलतं आणि मागचा भाग पाण्यात बसतो. त्यात पंचवीस हॉर्सपॉवरची मोटार म्हणजे मागच्या फळीवर पन्नास किलोच्या आसपास वजन, शिवाय चालवणाराही तिथंच बसलेला. अशा वेळी रेस एकदम सोडली, तर होडीनंच उठवलेली लाट मागून आत येते.

म्हणून आधी वजन मांडा. होडी अडीचशे किलो, चार माणसं, जाळी, चिलापीच्या पाट्या, मोटार, इंधन, असं सगळं मिळून सातशे किलोच्या घरात जातं. टनाला चार-पाच हॉर्सपॉवर धरले, तर शांत पाण्यात तीन-साडेतीन पुरतात. समोरून येणाऱ्या वाऱ्यासाठी दुप्पट, म्हणजे सहा-सात धरा. थोडं राखून आठची मोटार झाली.

मोटारीच्या दांड्याची लांबी मात्र कुणी मोजत नाही, आणि खरी फसगत तिथंच होते. मागच्या फळीच्या वरच्या कडेपासून होडीच्या तळापर्यंत टेप लावा. पंधरा इंच भरलं तर आखूड दांड्याची मोटार, वीस भरलं तर लांब दांड्याची. दांडा कमी पडला की लाटेवर पंखा उघडा पडतो, हवा खातो. इंजिन नुसतं किंचाळतं, होडी जागची हलत नाही, आणि हे होतं ते नेमकं वाऱ्यात. जास्त लांब घेतला, तर उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर बुडालेल्या गावांच्या भिंतींना पंखा धडकतो. काही मोटारींत पंख्याची पिन तुटते. तिची जोड खिशात हवी, आणि वल्ही होडीत हवीतच.

मित्रांनो, सोळा फुटी होडीला आठ, फार तर दहा हॉर्सपॉवर घ्या. पंचवीसची न घेतल्यानं वाचलेल्या पैशांत होडीत बसणाऱ्या प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट घ्या, लेकरांच्या मापाचीसुद्धा. आणि आभाळ भरून आलं, तर होडी काठालाच बांधून ठेवा.