अण्णांनी पाहिलेलं गाणं

गाणं ऐकायचं असतं, असंच आपण म्हणतो. आज मी तुम्हाला पाहिलेल्या गाण्याविषयी सांगणार आहे. हे गाणं झालं सप्टेंबर १९७४ मध्ये, आफ्रिकेतल्या किन्शासा शहरात. आम्ही ते पाहिलं सोलापुरात, आमच्या घरच्या टीव्हीवर, गेल्या पावसाळ्यात. पाहणारे आम्ही दोघंच होतो, मी आणि माझे वडील. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांनी ऐंशी ओलांडली आहे आणि त्यांना फारच कमी ऐकू येतं.

अण्णांनी सत्तावीस वर्षं कापडगिरणीत मागावर काम केलं. चालू मागखातं ज्यांनी पाहिलं असेल त्यांना ते वेगळं सांगायला नको. एका छपराखाली शेकडो माग, आणि प्रत्येक मागावर धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे आपटत असायचा. तिथला आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो. दिवसाचे आठ तास ८५ डेसिबलच्या वरच्या आवाजात काढले की कानाला धोका सुरू होतो, असं डॉक्टर सांगतात. आपल्या कानाच्या आत केसांसारख्या बारीक पेशी असतात. सततच्या आवाजानं त्या मरतात आणि पुन्हा येत नाहीत. आधी जातात ते वरचे, तीव्र आवाज. त्यामुळं बोलण्यातले स, त, क असे वर्ण ऐकू येईनासे होतात. कोणीतरी बोलतंय एवढं कळतं, काय बोलतंय ते कळत नाही.

तरुणपणी अण्णा गल्लीतल्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. पुढं समोरच्या टाळांचा आवाज येईना, मग ठेका चुकायला लागला. एका एकादशीला त्यांनी पखवाज दुसऱ्याच्या पुढं सरकवला आणि नंतर जाणंच सोडलं. कानाचं यंत्र आणलं होतं. त्यात सगळाच गोंगाट मोठा होतो म्हणून ते कपाटात गेलं. मीही घरात हेडफोन लावून गाणी ऐकायला लागलो. त्यांच्यासमोर गाणं लावणं म्हणजे उपाशी माणसासमोर जेवायला बसण्यासारखं वाटायचं. गाण्याचा विषय आमच्या घरातून गेला तो असा.

गेल्या श्रावणात माझा भाचा पुण्याहून आला, त्यानं एक जुनी डीव्हीडी आणली होती. बी. बी. किंग नावाच्या अमेरिकन गिटारवादकाच्या मैफलीची. हा माणूस ब्लूज गायचा. ब्लूज म्हणजे अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या काळ्या मजुरांचं गाणं. मिसिसिपी राज्यात कापसाचे मोठमोठे मळे होते. गुलामगिरी कायद्यानं १८६५ साली संपली, पण जमीन गोऱ्या मालकाची आणि कष्ट काळ्या मजुराचे हे चालूच राहिलं. लोक वाट्यानं शेती करायचे आणि वर्षाअखेर हिशेबात कर्जच निघायचं. तिथल्या शेतांत, देवळांत आणि रात्रीच्या गुत्त्यांत हे गाणं घडलं. त्याची रचना साधी असते. बारा मात्रांची नव्हे, बारा आवर्तनांची म्हणा, एक घडी. पहिली ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत त्याचं उत्तर द्यायचं. जात्यावर बसलेल्या आपल्या बायकाही ओवीची ओळ अशीच घोळवत घोळवत पुढं जायच्या.

बी. बी. किंगचा जन्म १६ सप्टेंबर १९२५ रोजी अशाच एका कापसाच्या मळ्यावर झाला. आई लहानपणीच गेली. पोरवयातच त्यानं कापूस वेचला, पुढं ट्रॅक्टर चालवला. १९४६ साली त्याच्या हातून मालकाच्या ट्रॅक्टरची मोडतोड झाली, तेव्हा भीतीनं तो मेम्फिस शहरात पळून गेला. नंतर परत येऊन त्यानं ती भरपाई फेडली. आणखी एक गोष्ट आपण रेडिओवाल्यांनी लक्षात ठेवावी. त्याचं नाव झालं ते मेम्फिसच्या रेडिओवर. तिथं तो गाणी लावायचा, टॉनिकच्या जाहिराती करायचा. बी. बी. ही अक्षरं तिथल्याच टोपणनावातून आली.

त्याच्या गिटारचं नाव ल्यूसिल. १९४९ च्या हिवाळ्यात तो एका खेड्यातल्या नाचघरात वाजवत होता. ऊब राहावी म्हणून मधोमध पिंपात रॉकेल पेटवलेलं. दोन माणसांची मारामारी झाली, पिंप कलंडलं आणि घर पेटलं. सगळे बाहेर पळाले. किंगही पळाला, पण गिटार आत राहिली म्हणून पुन्हा आगीत शिरला आणि ती घेऊन आला. ती दोन माणसं त्या आगीत गेली. ज्या बाईवरून भांडण झालं तिचं नाव ल्यूसिल होतं, हे त्याला नंतर कळलं. असा वेडेपणा पुन्हा करायचा नाही, याची आठवण म्हणून त्यानं गिटारला तेच नाव दिलं. पुढच्या साऱ्या गिटारींनाही तेच.

आता त्या मैफलीकडं येतो. मोहम्मद अली आणि जॉर्ज फोरमन यांची मुष्टियुद्धाची मोठी लढत किन्शासात ठरली होती. तिला जोडून तीन दिवसांचा संगीत महोत्सव ठेवला होता. सरावात फोरमनच्या डोळ्याजवळ जखम झाली आणि लढत ३० ऑक्टोबरपर्यंत लांबली. महोत्सव मात्र ठरल्या तारखांना, २२ ते २४ सप्टेंबरला झाला, आणि त्याचं चित्रीकरणही झालं. ज्या आफ्रिकेतून पूर्वजांना साखळदंडात नेलं, तिथं त्यांची नातवंडं-पतवंडं गायला आली होती. ऐकणाऱ्यांतल्या कितीतरी जणांना गाण्यातलं इंग्रजी कळत नव्हतं.

भाच्यानं डीव्हीडी लावली, थोडी पाहिली आणि मित्राकडं गेला. मी ती बंद करायला उठलो, तर अण्णा म्हणाले, "राहू दे की. बघतोय मी."

ते खुर्ची ओढून टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसले. एक हात त्यांनी टीव्हीखालच्या लाकडी टेबलावर ठेवला. ढोल आणि खर्जाची गिटार त्यांना तळहातातून कळत होती. थोड्या वेळानं बोटं टेबलावर हलायला लागली. किती वर्षांनी मी ती तशी हलताना पाहत होतो.

मग मला म्हणाले, "हा गाताना वाजवत नाही बघ."

हे खरं होतं. मी किंगची गाणी कित्येक वर्षं ऐकतोय, पण माझ्या लक्षात आलं नव्हतं. एक ओळ म्हणेपर्यंत त्याची गिटार गप्प असते. ओळ संपली की तो तोंड मिटतो, डोळे घट्ट मिटतो, आणि गिटार उत्तर देते. मी अण्णांना विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?" ते म्हणाले, "मागखात्यात दोघं एकदम बोलली तर काहीच कळायचं नाही. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं तोंडाकडं बघायचं. मग दुसऱ्यानं." आमच्या गावात तर कोणी तेलुगू बोलणारा, कोणी कन्नड, कोणी मराठी. त्या आवाजात सगळे ओठांवरून आणि हातांवरून बोलायचे. सत्तावीस वर्षांची ही सवय त्या दिवशी गाणं पाहायला उपयोगी पडली.

किंगच्या डाव्या हाताकडं त्यांनी पुन्हा पुन्हा बोट दाखवलं. तो सूर धरतो आणि तिथंच मनगट थरथरवतो, फुलपाखरासारखं. कधी तार आडवी ओढून सूर चढवतो, आपल्याकडं सतारीवर मींड घेतात तसा. काही जण काचेची नळी तारेवर घसरवून सूर लांबवतात. किंगला ते जमत नव्हतं, म्हणून बोटांनीच तसा परिणाम साधताना ही थरथर त्याच्या हाताला आली. थेट मैफलीत मागच्या रांगेतून हे दिसलं नसतं. पडद्यावर तो हात आमच्या नाकासमोर होता, आणि अण्णा म्हणतील तेव्हा मागं नेऊन तेच पुन्हा पाहता येत होतं. आम्ही एक गाणं चार वेळा पाहिलं.

ते होतं 'द थ्रिल इज गॉन'. अण्णांनी विचारलं, "काय म्हणतोय?" मी त्यांच्यासमोर जाऊन, ओठ दिसतील असा सावकाश बोललो, "प्रेमातली गोडी गेली, असं म्हणतोय." ते पडद्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बाईचं नाही वाटत. काम सुटल्यासारखं तोंड आहे त्याचं. गिरणी बंद झाल्याची नोटीस लागली, तेव्हा आमची तोंडं अशीच होती."

मला यावर काही बोलता आलं नाही. गिरणी बंद झाली त्या दिवसाविषयी अण्णा कधीच बोलले नव्हते. त्या संध्याकाळी ते बोलले. दारावरची नोटीस, भोंगा न झालेली सकाळ, सवयीनं डबा घेऊन निघालेली माणसं. मिसिसिपीत कापूस वेचणारा आणि सोलापुरात कापड विणणारा, दोघांच्या मध्ये एक टीव्ही होता. अण्णा एवढंच म्हणाले, "कापूस वेचणारा आम्ही कधी बघितला नव्हता. गठ्ठेच यायचे."

यातून मी काय शिकलो ते सांगतो. गिटारचे बहुतेक सूर तसे मधल्या आणि खालच्या पट्टीतले. शब्द गेले तरी ते अण्णांपर्यंत काही ना काही पोचत होते. आणि मी मात्र त्यांच्या वतीनं ठरवून टाकलं होतं की गाणं संपलं. घरातल्या वडीलधाऱ्यांना ऐकू येईनासं झालं, तर त्यांना असं परस्पर वगळू नका. चेहरा दिसेल असं समोर बसा, पडदा जवळ आणा, टेबलावर हात ठेवू द्या. कान तपासून घ्या. यंत्रं आता पूर्वीपेक्षा सुधारली आहेत.

आणि आज जी मुलं आपल्या गावात यंत्रमागावर उभी आहेत, त्यांना एक विनंती. कानात कापसाचा बोळा घालून भागत नाही. कानात घालायची बुचं औषधाच्या दुकानात थोड्या पैशांत मिळतात. ती वापरा. गेलेलं ऐकणं परत येत नाही.

हे भाषण अण्णांना रेडिओवर ऐकू येणार नाही, म्हणून लिहिलेले कागद मी त्यांना आधी वाचायला दिले. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि एकच दुरुस्ती सांगितली. मी लिहिलं होतं की त्यांनी पखवाज सोडला. त्यांनी त्याखाली पेन्सिलीनं लिहिलं, "सोडला नाही. माळ्यावर आहे. शाई भरून आण."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)