कुलूप माहितीलाच हवं

आज इंटरनेटवर तुमचा वैद्यकीय अहवाल एका ठरावीक सर्व्हरवर असतो. तुम्ही पासवर्ड देता, ओळख पटते आणि अहवाल उघडतो. म्हणजे पहारा असतो तो सर्व्हरच्या दारावर.

२००९ मध्ये व्हॅन जेकबसन आणि अमेरिकेतल्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळ्याच जाळ्याची रचना मांडली. तिथे माहिती नावानं मागायची. ती कुठल्या यंत्रावर आहे, याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. मागणी ज्या राउटरांवरून जाते, त्यांपैकी ज्याच्याकडे प्रत असेल, तो ती तिथूनच देतो. माहितीच्या प्रत्येक पॅकेटवर ते तयार करणाऱ्याची डिजिटल सही असते. त्यामुळे प्रत कोणाकडूनही येवो, खरेपणा तपासता येतो.

पण सहीनं मजकूर झाकला जात नाही. मग वाटेतला कुठलाही राउटर प्रत देणार असेल, तर खासगी माहिती सांभाळायची कशी? यावरचा उपाय म्हणजे माहितीलाच कुलूप लावून ती जाळ्यात सोडायची.

समजा, एका हृदयरुग्णाच्या मनगटावरचं यंत्र नाडीचे ठोके मोजतंय. दर तासाची नोंद वेगळ्या किल्लीनं कूटबद्ध होते. मग ती किल्लीसुद्धा अशी कूटबद्ध करायची, की फक्त त्याच्या डॉक्टरांनाच ती उघडता यावी. कुलूपबंद नोंदी कुठेही साठल्या तरी इतरांना त्या वाचता येत नाहीत. संशोधक लिक्सिया झांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे किल्लीच्या नावातच परवानगीची मर्यादा लिहिण्याची पद्धत सुचवली. त्यामुळे डॉक्टरांना सगळ्या नोंदी, तर व्यायामशिक्षकाला फक्त व्यायामाच्या तासाची नोंद, असं वाटप करता येतं.

खरी अडचण आहे ती दिलेली परवानगी काढून घेण्याची. सर्व्हरवरचं खातं बंद करता येतं; इथे मात्र प्रती पसरलेल्या असतात आणि किल्ली समोरच्याच्या हातात गेलेली असते. म्हणून किल्ल्या वारंवार बदलाव्या लागतात. त्यानं नव्या नोंदी सुरक्षित राहतात, जुन्या मात्र परवानगी गेलेल्यालाही उघडता येतातच. शिवाय पॅकेटचं नाव सहसा उघडं असतं. त्यात आजाराचा उल्लेख असेल, तर आतलं न वाचताही बरंच कळतं.

या रचनेत माहितीवरचा ताबा सर्व्हरच्या मालकाकडून ती निर्माण करणाऱ्याकडे येऊ शकतो. मला हे फार मोलाचं वाटतं. पण त्यासाठी कोणाला, कशासाठी आणि किती काळ वाचू द्यायचं, हे माहिती जाळ्यात सोडण्याआधीच ठरवायला हवं.