सामान आणू नये

वाढदिवसाला ‘थीम’ हवी, असं हल्ली मुलं म्हणतात. आपल्याकडे ती होतीच की! संक्रांत ते रथसप्तमी होणारं बोरन्हाण आठवा. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं-चुरमुरे आणि ते वेचायला गल्लीतली पोरं. ‘तू काय आणलंस?’ असं वेचणाऱ्याला कुणी विचारत नाही.

जालना-परभणी लोहमार्गावर परतूर, सातोना, सेलू ही स्टेशनं लागतात. परतूरच्या माझ्या नातवाला गाडीचं भारी वेड. त्याच्या चौथ्या वाढदिवसाला आम्ही घरातच गाडी सोडली. किराणा दुकानातली खोकी झाली डबे, वहीच्या पुठ्ठ्याची तिकिटं. ओसरी परतूर, माजघर सातोना, अंगण सेलू. स्टेशनागणिक एकेक पदार्थ: भेळ, शिरा, सरबत. तिकिटावर सूचना लिहिली, ‘सामान आणू नये.’

शेजारची एक आई मजुरीला जाते. भेट घ्यायला पैसे नाहीत, म्हणून लेकीला कुणाच्या वाढदिवसाला पाठवत नसे. या वेळी ती आली आणि गार्ड झाली. तिनं हिरवी झेंडी दाखवल्याशिवाय गाडी हलत नव्हती.

थीम कोणतीही घ्या. तिकीट मात्र सगळ्यांना परवडलं पाहिजे.